कागदाले नाही, तिले विचार

फोन वाजला तेव्हा माझ्या डाव्या हाताचा अंगठा एका सात महिन्यांच्या गरोदर बाईच्या कोपरात शीर शोधत होता आणि उजव्या हातात सुई होती. अशा वेळी फोन घ्यायचा नाही, हे मनोहरभाऊंनी मला सतरा वर्षांपूर्वी शिकवलं होतं. घर जळत असलं तरी आधी सुई काढायची, कापूस दाबायचा, ट्यूबवर नाव लिहायचं आणि मग काय ती बोंब मारायची. मी तसंच केलं. फोन दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला... ट्यूबवर नाव लिहून झाल्यावर उचलला. भाऊंच्या मुलीचा होता. "सुनंदाताई, बाबा गेले." सकाळचा चहा पिऊन अंगणातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते, ते उठलेच नाहीत. समोरची बाई कापूस दाबून धरून माझ्याकडे बघत होती. "रिपोर्ट कधी भेटन व बाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी. आणि संध्याकाळी तिला रिपोर्ट मिळाला. त्या दिवशी शटर ओढलं असतं तर भाऊंनी वरून शिव्या घातल्या असत्या.

पांढुर्ण्यात आमची लॅब छोटी. दोन खोल्या, एक काउंटर, तीन यंत्रं आणि एक फ्रीज. भाऊ तिचे मालक, तंत्रज्ञ आणि गरज पडली तर झाडूवाले. त्यांचे वडील सौसरकडे दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत राबले, आणि भाऊ नागपूरला शिकून परत आले ते हट्टानं इथंच. जाणारा-येणारा कुणी "जय भीम भाऊ" म्हणे, कुणी "राम राम भाऊ", आणि भाऊ ज्याला त्याचा नमस्कार परत करत. मी लोधीखेड्याच्या शेतकऱ्याची पोरगी, बी.एस्सी. होऊन घरात बसलेली. मुलाखतीत त्यांनी मला एकच विचारलं, "तुले राग लवकर येते का?" मी म्हटलं, हो. "बरं झालं, खरं बोलली," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीपासून ये म्हणाले. राग अजूनही लवकर येतो. त्याचा या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून सांगितलं.

भाऊंना विचारायची खोड होती. खोड म्हणजे खोडच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळं लिहिलेलं असलं तरी ते पेशंटला पहिल्यापासून विचारत बसत. एकदा एक गृहस्थ उपाशीपोटी साखर तपासायला आले. "उपाशी आहे ना काका?" "एकदम." भाऊ क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मंग मिशीले साय कुठून लागली?" बाहेर रांगेत हशा पिकला. काका चिडले, पण दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी आले. मला हे सगळं वेळखाऊ वाटे. रांग वाढायची, लोक माझ्यावर ओरडायचे आणि आत भाऊंचं आपलं चाललेलं... रात्री काय जेवले, झोप लागली का, गोळी कधी घेतली. प्रश्न विचारून झाला की ते मान खाली घालून ट्यूबवर चिठ्ठी चिकटवत बसत, समोरच्याकडे बघत नसत. माणसाकडे टक लावून बघितलं की तो चांगलंच उत्तर देतो, खरं देत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

काही वर्षांपूर्वी गरोदर बायांची ती नवी रक्ततपासणी आमच्याकडे सुरू झाली. आईच्या हातातून दोन ट्यूब रक्त घ्यायचं, ते मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवायचं आणि पोटातल्या बाळाच्या गुणसूत्रांत काही मोठा बिघाड असण्याची शक्यता आहे का, ते दहा-बारा दिवसांत कळायचं. या ट्यूबला बर्फ चालत नाही आणि ऊनही चालत नाही. आमच्याकडे मे महिन्यात ही अट म्हणजे थट्टाच. भाऊंनी संत्र्याच्या पेटीत घालतात ती तणस आणली, थर्माकोलच्या डब्यात तिचा गादीसारखा थर केला आणि मधोमध ट्यूब ठेवून स्वतः गाडीनं नागपूरला नेऊ लागले. गाडीत लोक विचारत, संत्री आहेत का? ते म्हणत, हो, पण सोलायची नाहीत.

बायांना समजावून सांगायची त्यांची स्वतःची भाषा होती. "हे पाह्य बाई, लेकराले आईशी जोडून ठेवते ते वार. वार काही गप्प बसत नाही. तिचा बारीक-बारीक चुरा आईच्या रक्तात सांडत राहते. आपण तो चुरा तपासतो. मुलगा का पोरगी ते विचारू नको, ते सांगणं गुन्हा आहे अन् मले माहीतबी नसते. दुसरी गोष्ट पक्की ध्यानात ठेव. चुरा वारेचा आहे, लेकराचा नोय. नालीतलं पाणी पाहून कोणाच्या घरी काय शिजलं ते समजते, पण कोण जेवलं ते नाही समजत. म्हणून रिपोर्ट खराब आला तं घाबराचं नाही, पोटातलं, लेकराभोवतालचं पाणी काढून पक्की तपासणी कराची." हे नालीचं उदाहरण मला घाणेरडं वाटायचं. मी एकदा बोलूनही दाखवलं. पण बायांना ते एका झटक्यात समजायचं, आणि सौसरच्या आमच्या डॉक्टर मॅडम तर तेच स्वतःच्या दवाखान्यात वापरायला लागल्या.

आता चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे. वैशाली बोरगावची. घरची संत्र्याची बाग, लग्नाला नऊ वर्षं झालेली, वय पस्तीस आणि पहिल्यांदाच दिवस गेलेले. डॉक्टर मॅडमनी तिला या तपासणीसाठी पाठवलं होतं. तिच्यासोबत सासू गोदाबाई, नऊवारी नेसलेली, आवाज असा की काउंटरवरचा कागद हलावा. भाऊ त्या दिवशी नागपूरला होते. तापाची साथ होती, रांग दरवाज्याच्या बाहेर गेली होती. या तपासणीचा फॉर्म लांबलचक असतो. त्यात एक प्रश्न आहे: गर्भ एक आहे की जुळा, आणि सुरुवातीला जुळा असून त्यातला एक विरून गेला आहे का? मी सोनोग्राफीचा कागद बघितला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, एकच गर्भ. वैशालीला न विचारता मी 'एक' वर खूण केली, पुढच्यावर 'नाही' केली आणि रक्त घेतलं. ती खूण माझी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी दुसऱ्या कुणाला धरायला नको.

रिपोर्ट खराब आला. अठराव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीनदा असण्याची शक्यता फार मोठी, असं त्यात होतं. अशी बाळं बहुधा जगत नाहीत. डॉक्टर मॅडमनी घरच्यांना समजावलं की ही फक्त चाळणी आहे, महिनाभरानं पोटातलं पाणी काढून पक्की तपासणी करू, तोवर काही ठरवू नका. पण गोदाबाईंचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते अगदीच दुष्टपणाचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. "महिनाभर पोटात ठेवाचं, जीव लावाचा, अन् मंग काढाचं? तेवढं सोसन का तिले? आताच मोकळी करा." नवरा मान खाली घालून उभा होता. त्यासाठी सोमवारी नागपूरला जायचं ठरलं. वैशाली एक शब्द बोलली नाही, हे डॉक्टर मॅडमनी फोनवर दोनदा सांगितलं.

भाऊंनी फॉर्मची आमच्याकडची प्रत काढली आणि टेबलावर पसरली. माझं अक्षर त्यांना लांबूनही ओळखू यायचं. "इथं तू खूण केली?" मी म्हटलं, हो. "तिले विचारलं का?" मी म्हटलं, भाऊ, सोनोग्राफीचा कागद होता ना, एकच लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा काढला. "सुनंदा, तो कागद बाराव्या आठवड्याचा आहे. त्याच्या आधी काय झालं ते त्याले काय माहीत? कागदाले नाही, तिले विचार." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. "चल," म्हणाले, "सुया घे. हिमोग्लोबिन पाहाले आलो म्हणून सांगू."

मोटारसायकलवर मागे बसून मी पांढुर्ण्याहून बोरगावला गेले, ती वाट मला कधी इतकी लांब वाटली नव्हती. गोदाबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवायला त्या आत गेल्या. भाऊंनी वैशालीच्या दंडाला पट्टा बांधायला मला सांगितलं, स्वतः खाली बसले आणि मान खाली घालून ट्यूबवर चिठ्ठी चिकटवू लागले. आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "बाई, माहेरी असताना पहिल्यांदा दाखवलं असन नं कोणाले? तवा किती होते?" स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या. भाऊ ट्यूबवरची चिठ्ठी काढत होते, पुन्हा लावत होते. मी पट्टा सोडायचा विसरले. मग वैशाली इतकं हळू म्हणाली की मला ओठांवरून समजलं. "दोन."

माहेर तिचं काटोलचं. आमच्या भागात तीन महिने पुरे झाल्याशिवाय दिवस गेल्याचं बाहेर सांगत नाहीत. सासरी कळायच्या आधीच तिनं आईबरोबर तिकडे जाऊन सोनोग्राफी केली होती. दोन गर्भ दिसले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेली तर एकाचे ठोके बंद झाले होते. आई म्हणाली, हे सासरी बोलायचंच नाही. नऊ वर्षांनी दिवस गेले आणि त्यातलंही एक टिकलं नाही, असं कळलं तर लोक म्हणतील, पोरीनं पोटातच एक खाल्लं. आईनं तो पहिला कागद चुलीत घातला. "मले वाटलं," वैशाली म्हणाली, "जे गेलं त्याचं कोणाले काय काम?" भाऊंनी तिला तिथंच, चहा यायच्या आत समजावलं. गेलेल्या जीवाची वार लगेच जात नाही. ती विरता-विरता कित्येक आठवडे आपला चुरा आईच्या रक्तात टाकत राहते. रिपोर्टमध्ये दिसलेला बिघाड त्या गेलेल्याचा असू शकतो. उरलेलं लेकरू चांगलं असू शकतं. नसूही शकतं. पण पाण्याच्या तपासणीशिवाय सोमवारी नागपूरला जायचं नाही. वैशालीनं त्यांचा हात धरला. "भाऊ, मॅडमले सांगा. घरी नका सांगू... मी जगू शकणार नाही या घरात." भाऊ म्हणाले, "नाही सांगत."

गोदाबाई चहा घेऊन आल्या. भाऊ उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "आई, आमच्याकडून गलती झाली. फॉर्म चुकीचा भरला गेला. त्या रिपोर्टवर भरोसा ठेवू नका. पाण्याची तपासणी करा, जाणं-येणं सगळं माझ्याकडे." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक शब्द खोटा नव्हता त्यात, आणि तरी आता ऐकणाऱ्याला काय ऐकू येणार हे मला दिसत होतं. गोदाबाईंनी चहाचा ट्रे तसाच मागे नेला. "माह्या सुनेच्या पोटाशी खेळून राहिले का तुमी? कोणाचं रक्त कोणाच्या नावानं लावलं?" भाऊ ऐकून घेत होते. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

महिन्यानं नागपूरला पाणी काढलं. रिपोर्ट यायला पुन्हा तीन आठवडे. त्या दिवसांत भाऊ रोज सकाळी डॉक्टर मॅडमना फोन करायचे आणि "आला का?" एवढंच विचारून ठेवून द्यायचे. आला तो दिवस मला आठवतो, कारण त्यांनी फोन ठेवला आणि आत जाऊन तोंड धुतलं, मग बाहेर येऊन रांगेतल्या सगळ्यांसाठी चहा मागवला. गुणसूत्रं सगळी जागच्या जागी होती. पुढे बाळंतपण सौसरलाच झालं, मुलगी झाली, रडण्यात आजीवर गेलेली. मॅडमनी भाऊंना बोलावून वार दाखवली. तिच्या काठाशी रुपयाएवढा एक पांढुरका, सुकलेला भाग होता, गेलेल्या जीवाच्या वारेचा. भाऊ तो बघून आले आणि मला म्हणाले, "होता तिथं."

गोदाबाई मात्र बोलत राहिल्या. बोरगावात, सौसरच्या बाजारात, लग्नाकार्यात. पांढुर्ण्याच्या त्या लॅबमध्ये रक्ताची अदलाबदल होते, आमची नात मारायला निघाले होते, चोर आहेत. बोरगावकडचे पेशंट येणं बंद झालं. मग सौसरचे कमी झाले. एक जण काउंटरवर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "माणसाचंच रक्त तपासता नं, का बकऱ्याचं?" मी त्याच्या अंगावर धावून गेले होते. त्या संध्याकाळी मी भाऊंना बजावलं, उद्या मी बोरगावला जाऊन खरं काय ते सांगणार. ते सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाले, "तुहं-माहं नाव खराब झालं तं चार-पाच वर्षांत धुऊन निघते. तिचं नाही निघत." मी म्हटलं, निदान चूक माझी होती एवढं तरी सांगू द्या, लोक तुम्हाला नावं ठेवून राहिलेत. "पाटी कोणाच्या नावाची आहे?" त्यांनी विचारलं. पाटी त्यांच्या नावाची होती.

आणि मी गप्प राहिले. इथं मला माझी बाजू मांडायची नाही, कारण ती नाही. त्यांनी मला गप्प बसवलं असं मी स्वतःला सांगत आले, पण वैशालीचं गुपित न सांगता माझी चूक सांगता आली असती. गोदाबाईंना एवढंच म्हणायचं होतं: ती खूण भाऊंची नाही, माझी आहे. मला लाज वाटत होती. मला भाऊ आवडायचे, वडिलांपेक्षा जास्त, आणि तरी मी त्यांना माझ्या वाटच्या शिव्या खाऊ दिल्या. चार वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. मी आता प्रत्येक बाईला विचारते, मान खाली घालून, ट्यूबवर चिठ्ठी चिकटवत. रांग वाढते. लोक ओरडतात. ओरडू देत.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाला त्यांच्या घरची पुढची खोली आणि अंगण भरलं होतं. पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं तेव्हा नेत्यांच्या सभेला जेवढी माणसं नव्हती, तेवढी त्या दिवशी होती, असं मी म्हणते आणि कुणी खोडून काढून दाखवावं. बुद्धवंदना झाली. मग एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. मिशीवाले काका बोलले आणि स्वतःच हसले. डॉक्टर मॅडम बोलल्या. माझ्या पर्समध्ये घडी केलेला कागद होता, त्यात त्यांची शिस्त, त्यांचा स्वभाव, तणशीचा डबा, सगळं होतं. फॉर्म नव्हता. तेवढ्यात दाराशी वैशाली दिसली, मुलीला कडेवर घेऊन, आणि तिच्या मागं गोदाबाई. गोदाबाई का आल्या असतील, मला कळेना. गेलेल्या माणसाशी वैर नसतं म्हणून आल्या असतील.

वैशालीनं मुलीला खाली ठेवलं आणि कुणी बोलवायच्या आतच पुढं आली. बोलायची सवय नाही तिला, दोन्ही हातांनी पदर धरला होता. "भाऊंच्या लॅबमधी अदलाबदल झाली नोती," ती म्हणाली. "मले दोन होते. एक आधीच गेलं होतं. मी घरी सांगितलं नाही. तो रिपोर्ट त्या गेलेल्याचा होता. भाऊंनी विचारलं म्हणून ही पोरगी राहिली. अन् मी नोका सांगू म्हणलं म्हणून त्यायनं चार वर्षं लोकायचं ऐकून घेतलं." ती खाली बसली नाही, तशीच उभी राहिली, सासूकडे न बघता. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिला, तेव्हाही ती म्हणाली, नावासकट लिहा, आता मले भेव नाही.

मग मला बसवेना. पर्समधला कागद पर्समध्येच राहिला. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं की फॉर्मवर चुकीची खूण मी केली होती, भाऊ त्या दिवशी गावातसुद्धा नव्हते. एवढंच बोलले. वाटलं होतं की सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

गोदाबाई हळूहळू पुढं आल्या. लोकांनी वाट दिली. त्यांनी नातीचा हात धरून भाऊंच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, वारा होता म्हणून ओंजळ आडवी धरून ज्योत स्थिर होईपर्यंत थांबल्या. सुनेला त्या काय म्हणतील याची मला भीती वाटत होती. त्या वळल्या, वैशालीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुले भेव वाटलं माहं... वाटनच," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. तो काउंटरवरचा कागद हलवणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"तुमी दोघी बोलून मोकळ्या झाल्या व बायांनो," त्या म्हणाल्या. "चार वर्षं गावभर चोर म्हणलं मी ह्या माणसाले. मी आता कोणाले बोलू?"